जावयाच्या टाकीतली झाडं

"...बर्फाच्या भांड्याला जागा नाही, पण त्या सरड्याच्या बाटल्यांना आहे! दुसऱ्यांचे फ्रीज दुरुस्त करत मी गावभर फिरतो, आणि माझ्याच घरात मला घोटभर गार पाणी मिळू नये? लोकांना सांगितलं तर हसतील."

"मग सांगू नका लोकांना." टेलरबाईंच्या ओठांत टाचण्या होत्या, त्यामुळे शब्द दातांच्या फटीतून आले. "आणि सरडा नाहीये तो."

"सरडा नाही, मासा नाही, बेडूक नाही. मग आहे तरी कोण?"

"जावई," पलंगावरून सासूबाई म्हणाल्या. "गार खोली, आयतं जेवण, कामाला हात लावायचा नाही आणि तोंडावर सदा हसू. जावयाशिवाय कोण असतं असं?"

एरवी या विनोदावर नवरा हसायचा. आज हसला नाही. "मी माशांच्या दुकानदाराशी बोललोय," तो म्हणाला. "टाकीसकट नेतो म्हणाला. खोली मोकळी होईल. दुरुस्तीला आलेले फ्रीज जिन्याखाली धूळ खातायत, आणि घरातली सगळ्यात चांगली खोली आपण एका... एका जावयाला दिलीय."

टेलरबाईंनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून मनगटावरच्या गादीत खोचल्या. शेवटची जरा जास्तच जोरात गेली.

"लेक येईपर्यंत टाकी जागची हलणार नाही."

"ती येईपर्यंत," नवरा म्हणाला, आणि पेचकस शोधायला लागला. पेचकस त्याच्या खिशातच होता.

जावई म्हणजे ॲक्सोलॉटल. हा शब्द घरात एकट्या लेकीला नीट उच्चारता यायचा. सासूबाईंची जीभ दुसऱ्याच अक्षराला अडखळायची, म्हणून त्यांनी आपलं सोपं नाव पाडलं. कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या टाक्या काढून टाकायच्या होत्या, तेव्हा लेक त्याला झाकणाच्या बादलीत घालून, बसमध्ये बादली मांडीवर धरून घरी घेऊन आली होती. वीतभर लांब, फिकट गुलाबी, पाण्याच्या तळाशी चार पायांवर चालणारा. डोळ्यांना पापण्या नाहीत, आणि कान नसूनही हसू या कानापासून त्या कानापर्यंत. मानेच्या दोन्ही बाजूंना लालसर तुरे. टेलरबाईंच्या तोंडून पहिल्यांदा निघालं होतं, "अगंबाई, याला झालर कुणी लावली?"

"तो मोठा होत नाही आई," लेकीनं सांगितलं होतं. "बेडकाचं पिल्लू कसं बेडूक होऊन पाण्याबाहेर येतं, तसं याचं होत नाही. जन्मभर पिल्लूच राहतो."

"आपल्या घराण्यातल्या पुरुषांवर गेलाय," सासूबाई म्हणाल्या होत्या.

पुढे लेक एक्स-रे काढायचं काम शिकली. ती परीक्षा पास झाली त्याच आठवड्यात टेलरबाई दोन गल्ल्या पलीकडच्या दवाखान्यात गेल्या, डॉक्टरांशी परस्पर बोलून आल्या, आणि लेकीच्या मापाचे दोन पांढरे कोट शिवून तिच्या कपाटात अडकवून ठेवले. लेकीनं कोट पाहिले. खिशात हात घालून पाहिला. "छान झालेत," म्हणाली. आणि महिन्याच्या आत, रात्रभराच्या प्रवासावर असलेल्या एका शहरातल्या इस्पितळात नोकरी धरून निघून गेली. भांडण असं झालंच नाही. झालं असतं तर बरं होतं. भांडण मिटवता तरी येतं.

जाताना तिनं जावयाबद्दल बजावलं. पाणी गारच हवं, बर्फाची बाटली सोडत जा. आठवड्याला थोडं पाणी बदल. तळाशी खडे नकोत, तो गिळतो. उजेड फार नको. "आणि झाडांच्या नादी लागू नकोस. मी किती वेळा लावली, हा सगळी उपटतो. मी हरले. प्लॅस्टिकची आहेत तीच राहू देत."

नेमकं तेच टेलरबाईंनी मनावर घेतलं.

त्यांनी मनाशी एक चित्र रंगवलं होतं. लेक सुट्टीला येईल, बॅग दारातच टाकेल, आईला काय झालं काय नाही हे विचारायच्या आधी आपल्या खोलीचं दार उघडेल. आणि आत टाकीभर हिरवंगार. पानांच्या सावलीत जावई बसलेला. ती मागे वळून विचारेल, "आई, हे तू कसं जमवलंस?" बस. या एका वाक्यासाठी टेलरबाई माशांच्या दुकानाच्या पायऱ्या झिजवायला लागल्या.

पहिल्यांदा त्यांनी लांब पात्यांचं पाणगवत आणलं. आठवडाभर वेगळ्या बादलीत ठेवलं, कारण दुकानातल्या झाडांबरोबर गोगलगायी आणि औषधं येतात असं लेकीनंच कधीतरी सांगितलं होतं. मग टाकीतल्या बारीक वाळूत ओळीनं रोवलं, काजांची ओळ असते तसं. सकाळी पाहतात तर सगळं गवत पाण्यावर तरंगतंय आणि जावई मधोमध बसून हसतोय.

"जावयाला हिरवा रंग आवडत नसेल," नवरा म्हणाला.

दुसऱ्यांदा दुकानदारानं फर्न दिलं. रुंद, गडद पानं, आणि खाली आल्याच्या तुकड्यासारखं आडवं, जाडसर खोड. टेलरबाईंनी विचार केला, उपटतोय काय, बघतेच. ते खोड त्यांनी वाळूत खोल गाडलं आणि वर एक गुळगुळीत थोराड दगड ठेवला. झाड उपटलं गेलं नाही. पण काही आठवड्यांत जागच्या जागी कुजलं. दगड उचलला तेव्हा बोटांना नुसता चिखल लागला.

"अहो, गाडलंत कशाला?" दुकानदार म्हणाला. "हे झाड जमिनीत लावायचं नसतं. त्याचं खोड उघडंच राहायला पाहिजे. दगडावर ठेवा आणि दोऱ्यानं बांधा. ते आपण होऊन मुळं टाकतं, दगडाला धरतं."

दोऱ्यानं बांधा म्हटल्यावर टेलरबाईंना हसूच आलं. आयुष्यभर दुसरं केलं काय! घरी येऊन त्यांनी मशीनवरचं पॉलिस्टरचं रीळ काढलं, ज्या दोऱ्यानं त्या जाड पडद्यांना दुहेरी शिवण घालत. खोडाला आणि दगडाला फेऱ्यावर फेरे दिले, बटण लावताना देतात तसे ओढून ओढून, आणि शेवटी दातानं आवळून गाठ मारली. ही गाठ जावयाचा बाप आला असता तरी सुटली नसती.

सुटली नाहीच. दोरा खोडात रुतला. जिथं रुतला तिथं खोड काळं पडून मऊ झालं, झाड बाजूला निघून गेलं, आणि दोऱ्याचे फेरे तेवढे दगडावर सैल होऊन फास होऊन राहिले. एका सकाळी टेलरबाई गांडूळ द्यायला गेल्या तर जावई त्या दगडापाशी अंग पिळत होता. पुढच्या पायाचं बोट फासात. त्यांनी कोपरापर्यंत हात पाण्यात घातला, काजांची बारीक कात्री कशीतरी आत नेऊन दोरा कापला. जावई सुटला. बोट मात्र दोन दिवसांनी गळून पडलं.

त्या रविवारी फोन येईपर्यंत टेलरबाईंना अन्न गोड लागलं नाही.

लेकीचा फोन रविवारी यायचा. पहिला प्रश्न ठरलेला, "कसा आहे तो?" मग तो काय खातो, पाणी किती गार आहे, तुरे नीट फुललेत का. टेलरबाई आठवडाभर जावयाच्या बातम्या साठवून ठेवत, पाहुण्यांसाठी खाऊ राखून ठेवावा तशा, आणि एकेक काढत. बातम्या संपल्या की लेक म्हणायची, "चल आई, ठेवते." नवरा तेवढा वेळ दारात उभा राहून काहीतरी शोधत असायचा. "बाबांना विचारलंय म्हणून सांग," एवढं त्याच्या वाट्याला यायचं, आणि तेवढ्यावर तो रात्रीचं जेवण बऱ्या मूडमध्ये जेवायचा. सुरुवातीला एकदा लेक बोलता बोलता म्हणाली होती, "तूच ये ना इकडे." त्यावर टेलरबाई फटकन म्हणाल्या होत्या, "आणि जावयाचं कोण बघणार?" घर सोडून तू गेलीस, आधी तू ये, असं त्यांना म्हणायचं होतं. ते जावयाच्या आडून म्हणून झालं. लेकीनं पुन्हा बोलावलं नाही.

बोटाचं टेलरबाईंनी सगळ्यात आधी सांगितलं. "अगं, माझ्यामुळे झालं. मीच आवळून बांधलं होतं..."

"येईल परत," लेक म्हणाली.

"काय?"

"बोट गं. त्यांना येतं परत. पायच्या पाय येतात. थोडी वाट बघ, घाई नको, येईल परत." आणि मग, पहिल्यांदाच, ती थोडी हसली. "पण आई, झाडं लावतेयस तू? तुला सांगितलं होतं ना नादी लागू नकोस म्हणून?"

फोन ठेवून टेलरबाई मशीनवर जाऊन बसल्या. येईल परत. किती सहज म्हणाली.

सासूबाईंनी सगळं ऐकलं होतं. त्यांना कमी ऐकू येतं असं त्या सांगायच्या, पण ते सोयीप्रमाणे. "कसल्या दोऱ्यानं बांधलं होतंस?"

"पॉलिस्टर."

"शिकाऊ पोरींना काय सांगतेस तू? आधी कच्चा धागा घाला, म्हणून ओरडत असतेस ना? गिऱ्हाइकाच्या कपड्यात दोन-दोन बोटं माया ठेवतेस, अंग भरलं तर उसवता यावं म्हणून. आणि झाडाला श्वास घ्यायलाही जागा नाही." मग त्या म्हणाल्या, "तुझं सगळंच पक्कं बाई. झाड काय आणि पोर काय."

ज्या बाईला गल्लीत 'मायेचं शिवते' म्हणून ओळखतात, जिच्याकडे पाच वर्षांपूर्वीचे कपडे उसवून मोठे करायला येतात, ती ही चूक करते? टेलरबाई उठल्या आणि लेकीच्या खोलीत गेल्या. खोली तशीच होती. पलंगावर तीच चादर, खिडकीवर जाड पडदा, कपाटात पांढरे कोट. त्यांनी एक कोट काढून त्याची आतली शिवण उलटी करून पाहिली. सगळीकडे काठोकाठ. लेकीच्या कोटात त्यांनी माया ठेवलीच नव्हती. अंगाला चपखल बसावा म्हणून.

मग त्यांनी टाचे घालायचा साधा सुती धागा घेतला. जो ओढला की तुटतो, ज्याचा उपयोगच पक्की शिवण येईपर्यंतचा. नवीन फर्न घेतलं, दगडावर ठेवलं, आणि धाग्याखाली करंगळी जाईल एवढे सैल दोनच फेरे दिले. गाठ अशी की जावयाचा पाय अडकला तर आपोआप सुटावी. वर पाण्यावर मांजराच्या शेपटीसारखं एक तरंगतं झाड सोडलं, म्हणजे खालच्या फर्नवर उजेड बेताचाच यावा आणि जावयाला सावलीही मिळावी. दुकानदारानं विचारलं, "एवढं सैल? निघून नाही का जाणार?"

"गेलं तर गेलं," टेलरबाई म्हणाल्या. म्हणाल्या खऱ्या, पण रोज सकाळी चहाच्या आधी जाऊन बघत.

जावयाचं बोट उगवलं. आधी पांढऱ्या मण्याएवढं, मग टोकदार, मग इतर बोटांसारखंच. सासूबाईंना भिंगातून दाखवलं. "बोट आलं," त्या म्हणाल्या, "पोर काही आली नाही." पण मग लगेच, "येईल गं. पुढच्या महिन्यात सुट्टी आहे म्हणाली ना?" असंही त्याच म्हणाल्या.

पुढच्या महिन्यात. तेवढ्यासाठी तर फ्रीजवरून भांडणं सहन करायची होती. तेवढ्यासाठी टेलरबाईंनी खोलीतली गादी उन्हात घातली, पडदा धुतला. पाण्याच्या चाचणीचे थेंब काचेच्या नळीत टाकून त्या रंग बघत. पूर्वी आठवडा संपायच्या आतच रंग गडद व्हायचा. आता दुसरा आठवडा संपत आला तरी फिकाच. झाडं घाण खातात, दुकानदार म्हणाला होता, तर ती खरंच खात होती. नवऱ्यानंही एकदा बडबड करत टाकीवर एक छोटा पंखा बसवला होता, जुन्या यंत्रातला. "मोटर चालते का बघत होतो," म्हणाला. मोटर चालत होती. पंखा तिथंच राहिला. दुकानदाराला टाकी देऊन टाकायची भाषा करणारा माणूस हाच.

फ्रीजवरून झालेल्या त्या भांडणानंतरच्या रविवारी फोन आला.

"कसा आहे तो?"

"मजेत. तू इथं आलीस की दाखवते एक गंमत."

"आई, मी येत नाहीये."

"सुट्टी नाही मिळाली?"

"मिळाली. पण... मी इथं जागा घेतलीय. छोटीशीच आहे. आधीच्या ठिकाणी चौघी होतो, आता एकटीची. सुट्टीत ती लावून घेते. मला इथं कायम केलंय." मग घाईघाईनं, "आणि मी काय म्हणते, जावयाला देऊन टाक आता दुकानात. खरंच. माझ्यासाठी म्हणून किती दिवस करणार तू? त्याच्यामुळे तुला कुठं हलता येत नाही. मला वाईट वाटतं त्याचं."

"कशाचं वाईट वाटतं?"

"मी तुझ्या गळ्यात बांधून आले त्याचं."

टेलरबाईंनी दाराकडे पाहिलं. नवरा शोधायचं सोडून नुसता उभा होता.

"जागेला खिडकी आहे का?" त्यांनी विचारलं.

"हो. मोठी आहे. पडदा नाही अजून. वर्तमानपत्र लावलंय."

"वर्तमानपत्र?" टेलरबाई म्हणाल्या. "बरं." आणि मग, "बाबांनी विचारलंय."

फोन ठेवून त्या लेकीच्या खोलीत गेल्या. दुपारचा उजेड धुतलेल्या पडद्यातून गाळून येत होता. त्या टाकीसमोर पलंगाच्या कडेला बसल्या. त्यांना वाटलं होतं रडू येईल. आलं ते थोडंच, आणि तेही नाकातून. जावई फर्नच्या पानाखाली होता. त्याचं ते हसू. त्याला कुणी गेलं काय, आलं काय.

आता हे सगळं दाखवायचं कुणाला?

त्यांचं लक्ष दगडाकडे गेलं. सुती धाग्याचा एक फेरा कुठंच दिसेना. दुसऱ्याचा धुरकट तंतू तेवढा उरला होता, आणि त्यांनी बोट लावल्याबरोबर तोही विरघळल्यासारखा सुटून वर आला. त्यांनी फर्नचं एक पान चिमटीत धरून हलकेच वर ओढलं. झाड सुटलं नाही. थोडं आणखी ओढलं, तर झाडाबरोबर दगडच वाळूतून उचलला गेला. खोडाखालून निघालेली बारीक, तपकिरी मुळं दगडाच्या खाचाखाचांत घुसली होती. कुणीही बांधलेलं नव्हतं, तरी धरून होतं.

त्यांनी दगड होता तसा ठेवला. हात पदराला पुसले. कपाट उघडून मापाची फीत शोधली, मग लक्षात आलं की ती गळ्यातच आहे.

रात्री जेवताना नवऱ्यानं विषय काढला, पण बेतानं. "तिनंच सांगितलंय म्हणतेस, तर मग मी उद्या दुकानदाराला निरोप देतो. मला काही... म्हणजे मला हौस नाही. पण आता कुणासाठी ठेवायचं?"

"असू दे की," सासूबाई ताटातच बघत म्हणाल्या. "काय खातोय तो तुझं? गांडूळच ना?"

"आई, तूच तर सरडा सरडा..."

"सरडा तू म्हणतोस. मी जावई म्हणते. घरातल्या जावयाला दुकानात देतात का कुणी?"

"टाकी कुठं जात नाही," टेलरबाई म्हणाल्या. "मी जातेय. शनिवारच्या गाडीनं, तिच्याकडे."

नवऱ्याचा घास हातातच राहिला. "तिनं बोलावलंय?"

"नाही."

"मग येणार आहेस हे तरी सांगितलंयस?"

"उद्या सांगेन. तिला नको असलं तर पडद्याचं माप घेऊन संध्याकाळच्या गाडीनं परत येईन. ये म्हणाली तर राहीन." त्यांनी सासूबाईंच्या ताटात भात वाढला. "पाणी दोन आठवडे बदलावं लागत नाही आता. बाटली सकाळ-संध्याकाळ तुम्ही बदलायची. गांडूळ आई देतील."

"मी?" सासूबाई म्हणाल्या.

"चिमट्यानं द्यायचं, एक दिवसाआड," टेलरबाई म्हणाल्या. "आणि माझी शिवणाची कामं मी आल्यावर. तोवर आलेल्या गिऱ्हाइकांना सांगा, टेलरबाई लेकीकडे गेल्यात."